पाण्याचा हिशेब आणि पाण्याची प्रत

सोलापूर शहराची तहान भागविणारे उजनी धरण भीमा नदीवर आहे. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, भीमेच्या उपनद्यांकाठी पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे वसली आहेत. वरच्या शहरांनी किती पाणी उचलले आणि वापरानंतर ते कोणत्या अवस्थेत नदीत सोडले, यावर खालच्या शहराच्या नळाला काय येणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच जलविज्ञानात नदीचा अभ्यास एखाद्या शहरापुरता न ठेवता तिच्या संपूर्ण खोऱ्याचा केला जातो. या अभ्यासाची दोन अंगे आहेत : पाणी किती आणि पाणी कसे. ही दोन्ही अंगे एकत्र वाचली नाहीत, तर दोन्हींचे आकडे दिशाभूल करू शकतात.

खोरे म्हणजे काय?

नदीवरील एखाद्या ठिकाणी ज्या भूभागावरचे पाणी उताराने वाहत येऊन पोहोचते, तो सारा भूभाग म्हणजे त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र. दोन पाणलोटांना विभागणाऱ्या उंच कडेला जलविभाजक म्हणतात. ओढ्यांची लहान पाणलोटे मिळून उपखोरे होते आणि उपखोऱ्यांचे मिळून खोरे. अंबी आणि मोसी मुठेला मिळतात, पवना मुळेला मिळते. मुळा आणि मुठा यांचा पुण्यात संगम होतो आणि ही मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा अखेर कृष्णेला मिळते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भूजलाच्या मोजणीसाठी महाराष्ट्राची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोटांमध्ये केली आहे, ती याच तत्त्वावर.

मात्र नकाशावरची जलविभाजक रेषा माणसाने अनेकदा ओलांडली आहे. मुळशी धरण मुळा नदीवर, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात आहे. त्याचे पाणी मात्र वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिरा येथे उतरविले जाते आणि कोकणात जाते. खोऱ्याच्या ताळेबंदात अशी आवक-जावक मांडली नाही, तर हिशेब मुळातच चुकतो.

पाणी किती?

हिशेबाची सुरुवात पावसापासून होते. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी जमा होते. भीमा खोऱ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे सातशे, तर पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात त्याहूनही कमी. त्यामुळे सरासरीवर विसंबता येत नाही. पर्जन्यमापक केंद्रे कोठे आणि किती आहेत, याला महत्त्व येते.

पडलेल्या पावसापैकी काही पाण्याची वाफ होते, काही जमिनीत मुरते आणि उरलेले वाहून नदीला मिळते. हा प्रवाह मोजण्यासाठी नदीच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग काढून त्यांचा गुणाकार करतात. मुरलेल्या पाण्याचा अंदाज निरीक्षण विहिरींच्या पातळीवरून बांधला जातो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच पाणी साठते. हेच पाणी पावसाळा संपल्यावर झिरपत नदीला जिवंत ठेवते. विहिरींचा उपसा वाढला की हा झिरपा आटतो.

एका वर्षाच्या नोंदींवर नियोजन करता येत नाही. त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी लागतात. कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा निकष मानला. चारपैकी तीन वर्षे जेवढे पाणी हमखास मिळेल, तेवढेच वाटपासाठी धरायचे, असा त्याचा अर्थ. त्यानुसार २,०६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी उपलब्ध मानण्यात आले आणि त्यातील ५६० टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. तीन राज्यांच्या शेतीचे भवितव्य अशा रीतीने नदीकाठच्या मोजपट्ट्यांवरील जुन्या नोंदींवर ठरले.

पाणी कसे?

पाण्याच्या प्रतीसाठी ठरावीक ठिकाणी ठरावीक काळाने नमुने घेतले जातात. त्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे प्रथम पाहतात. दुसरी कसोटी जैवरासायनिक प्राणवायूच्या मागणीची, म्हणजे बीओडीची. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे तीवरून समजते. मैलापाण्याचा संसर्ग कोलिफॉर्म जिवाणूंच्या संख्येवरून कळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार स्नानायोग्य नदीत दर लिटरमागे प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, तर बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम असावा. याखेरीज नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजावे लागतात, कारण जलपर्णी आणि शेवाळ यांचे ते खाद्य आहे. ही द्रव्ये मैलापाण्यातून येतात, तशीच शेतातील खतांमधूनही. नाल्याचे तोंड दाखविता येते. शेकडो शेतांतून येणाऱ्या पाण्याला एक तोंड नसते. खोऱ्याचा अभ्यास आवश्यक ठरतो तो यासाठीही.

दोन्ही आकडे एकत्र

समजा, पावसाळ्यात नदीतून सेकंदाला १०० घनमीटर पाणी वाहते आणि बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात प्रवाह १० घनमीटरवर येतो आणि बीओडी २० होतो. केवळ प्रत पाहिली, तर पावसाळ्यात नदी शुद्ध झाली असे वाटेल. प्रत्यक्षात पावसाळ्यात सेकंदाला ३०० ग्रॅम भार खाली जातो, उन्हाळ्यात २०० ग्रॅम. पाण्याने घाण नाहीशी केली नाही; ती पातळ करून पुढे धाडली.

पुढे म्हणजे कोठे, याचे उत्तर उजनी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. वाहत्या नदीतील भार येथे संथ पाण्यात विसावतो, गाळात बसतो. टंचाईच्या वर्षी साठा शून्य टक्क्यांखाली, म्हणजे मृतसाठ्यात जातो. तेव्हा कमी पाण्यात साचलेली द्रव्ये अधिक दाट होतात आणि नेमक्या त्याच काळात त्या पाण्याची गरज सर्वाधिक असते.

महाराष्ट्रात प्रवाह आणि धरणसाठे जलसंपदा विभाग मोजतो, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते आणि विहिरींच्या नोंदी भूजल यंत्रणेकडे असतात. या नोंदी एकाच ठिकाणच्या आणि एकाच दिवसाच्या असतील, तरच त्यांचा गुणाकार करता येतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाचा आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाचा एक हेतू अशा नोंदी सुधारणे आणि उपलब्ध करून देणे हाच आहे.

नागरिकांनाही हा हिशेब समजण्यासारखा आहे. धरण किती टक्के भरले, ही बातमी पावसाळ्यात रोज वाचली जाते. तिच्यासोबत त्या पाण्याची प्रत विचारावी. नदी स्वच्छ झाल्याचा आकडा पुढे आला, तर त्या दिवशी प्रवाह किती होता, हे विचारावे. आणि शहराला मिळणाऱ्या पाण्याची चर्चा होताना, शहर सोडत असलेले पाणी खाली कोणाच्या नळाला जाते, हेही विचारावे.