मध्यवर्ती संग्रहालय, नागपूर
नागपुरातील जुने वस्तुसंग्रहालय. स्थापना 1863. विदर्भात ते ‘अजब बंगला’ या नावानेच ओळखले जाते. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या पवनी येथील, महाक्षत्रप कुमार रूपिअम्मा याचा ब्राह्मी लेख असलेला स्मृतिस्तंभ येथे आहे. क्षत्रपांचा (शक शासकांचा) विदर्भाशी असलेला संबंध सांगणारा हा पुरावा फार मोलाचा. याच पवनीत 1969-70 साली पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले. तेथील शिल्पांत बुद्धावर फणा धरणाऱ्या नागराज मुचलिंदाचे शिल्प विशेष लक्षणीय: फणा पसरलेला नाग, त्याखाली रिकामे आसन, बुद्धाची मूर्ती नाही. पवनीचे शिल्पवैभव समजण्यासाठी संग्रहालयातील स्तंभ आणि पवनीतील स्तूपस्थळ दोन्ही पाहावीत.