दहावी गणित: शाब्दिक उदाहरणाचे समीकरण कसे मांडायचे? एसटीचे तिकीट, डेअरीची फॅट आणि खताच्या गोणीवरून समजून घ्या

दहावीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा म्हणजे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. दोन समीकरणे तयार मिळाली की बहुतेक मुले ती सोडवतात. गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणावर. चार ओळींचा मजकूर दिसला की पोरं प्रश्नच सोडून देतात. खरं तर यातली बरीच गणिते घरातली मोठी माणसे बाजारात, डेअरीवर, खताच्या दुकानात तोंडी करत असतात. फक्त ती कागदावर मांडायची सवय नसते.

पुस्तकात अज्ञात संख्यांसाठी इंग्रजी एक्स आणि वाय ही अक्षरे असतात. इथे त्यांच्या जागी क्ष आणि य घेतले आहेत.

सुरुवात ‘समजा’पासून

उदाहरण असे: एसटीत ४४ प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ६० रुपये, अर्धे तिकीट ३० रुपये. कंडक्टरकडे एकूण १,९५० रुपये जमा झाले. पूर्ण तिकिटे किती आणि अर्धी किती? (१७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट लागू झाल्याने हे गणित आता रोजचेच आहे.)

आधी शेवटचे वाक्य वाचायचे. काय विचारले आहे ते तिथे असते आणि तेच क्ष आणि य होते. ‘समजा, पूर्ण तिकिटांची संख्या क्ष आणि अर्ध्या तिकिटांची संख्या य’ असे पूर्ण वाक्य लिहायचे. नुसते ‘पूर्ण तिकीट = क्ष’ लिहिले की घोळ होतो. क्ष म्हणजे तिकिटांची संख्या की तिकिटाचे पैसे, हे दोन ओळींनंतर लिहिणाऱ्यालाच आठवत नाही.

मग एकेक वाक्य घ्यायचे. ‘४४ प्रवासी आहेत’ हे माणसांचे वाक्य, म्हणून क्ष + य = ४४. ‘१,९५० रुपये जमा झाले’ हे पैशांचे वाक्य, म्हणून ६०क्ष + ३०य = १,९५०. एका समीकरणात सगळी माणसे, दुसऱ्यात सगळे रुपये. दोन्हींची सरमिसळ झाली तर समीकरण चुकलेच म्हणून समजावे.

दुसऱ्या समीकरणाला ३० ने भागले की २क्ष + य = ६५. त्यातून पहिले वजा केले की क्ष = २१, म्हणून य = २३. ताळा करताना आपण मांडलेल्या समीकरणात नव्हे, तर मूळ मजकुरात उत्तर घालून बघायचे. २१ पूर्ण तिकिटांचे १,२६०, २३ अर्ध्या तिकिटांचे ६९०, एकूण १,९५०. जमले. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यात ताळा केला तरी तो बरोबरच येतो आणि चूक लपून राहते.

‘पट’ आणि ‘पेक्षा’ कुठे फसवतात

‘आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे.’ इथे निम्मी मुले ३ हा आकडा आईला जोडतात आणि ३क्ष = य लिहून मोकळी होतात. मोठे कोण, लहान कोण, हे आधी ठरवायचे. लहानाला गुणले की ते मोठ्याएवढे होते, म्हणून आईचे वय क्ष आणि मुलीचे य असेल तर क्ष = ३य.

‘तिपटीपेक्षा ५ ने कमी’ हे वाक्य वाचतो त्याच क्रमाने लिहिता येते. आधी तिप्पट ३य, मग ५ कमी, म्हणजे क्ष = ३य – ५. मराठी वाक्यरचना इथे उलट मदतच करते.

वयाच्या गणितात दुसरा खड्डा काळाचा. आई आणि मुलीच्या आजच्या वयांची बेरीज ५० आहे. ५ वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते. पहिले समीकरण क्ष + य = ५०. दुसऱ्यात ५ वर्षे दोघींचीही कमी होतात, म्हणून क्ष – ५ = ४(य – ५). कंस विसरला की सगळे बिघडते. उत्तर: आई ३७, मुलगी १३. पाच वर्षांपूर्वी ३२ आणि ८, म्हणजे बरोबर चौपट.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात मराठी मुलांची एक वेगळीच अडचण असते. आपण ‘बेचाळीस’ म्हणताना आधी दोन बोलतो, मग चाळीस. लिहिताना मात्र ४ आधी. त्यामुळे दशक आणि एकक यांची अदलाबदल होते. दशकस्थानचा अंक क्ष, एककस्थानचा य, तर संख्या १०क्ष + य. अंक उलटवले की १०य + क्ष. क्षय असे जवळजवळ लिहिले तर तो गुणाकार होतो, दोन अंकी संख्या नाही.

अज्ञात संख्येला नाव देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून नावे आहेत. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथला आहे.

डेअरीचे गणित

गायीच्या दुधाला फॅट ३.५ आणि म्हशीच्या दुधाला ६.५. दोन्ही मिसळून ४.७ फॅटचे ५० किलो दूध करायचे आहे. प्रत्येकी किती घ्यायचे?

इथे मुले फॅटचे आकडे थेट बेरजेत घेतात. फॅट हे प्रमाण आहे, म्हणजे १०० किलो दुधात किती किलो स्निग्धांश ते. प्रमाणाची बेरीज होत नाही, किलोची होते. गायीचे दूध क्ष किलो, म्हशीचे य किलो घेतले तर दुधाचे समीकरण क्ष + य = ५०. स्निग्धांशाचे ०.०३५क्ष + ०.०६५य = ०.०४७ × ५०, म्हणजे २.३५. दशांश नको असतील तर १,००० ने गुणावे: ३५क्ष + ६५य = २,३५०. उत्तर: गायीचे ३० किलो, म्हशीचे २० किलो.

संकलन केंद्रावर बसणाऱ्या माणसाला हे न मांडताही अंदाज येतो. निम्मे-निम्मे घेतले असते तर फॅट ५ लागली असती. ४.७ हवी म्हणजे गायीचे जास्त. सोडवण्याआधी असा अंदाज बांधून ठेवला की चुकलेले उत्तर लगेच डोळ्यांत येते.

दोन वाक्ये असूनही उत्तर नाही

२ किलो कांदा आणि ३ किलो बटाटा मिळून १३० रुपये. ४ किलो कांदा आणि ६ किलो बटाटा मिळून २६० रुपये. भाव काय? सांगता येत नाही. दुसरे वाक्य पहिल्याचीच दुप्पट आहे, नवीन माहिती काहीच नाही. आलेख काढला तर दोन्ही रेषा एकावर एक बसतात. तोच दुसरा आकडा २५० असता, तर एकाच भावाने दोन्ही खरेद्या जमल्याच नसत्या आणि रेषा समांतर गेल्या असत्या. दोन्ही वेळी क्रेमरच्या पद्धतीतला निश्चयक शून्य येतो.

खताची गोणी

शेतात उपयोगी पडेल असे एक उदाहरण. एकरी ४० किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद द्यायचे आहे असे धरू. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, युरियात ४६ टक्के नत्र. डीएपी क्ष किलो, युरिया य किलो.

स्फुरद फक्त डीएपीतून येते: ०.४६क्ष = २३, म्हणून क्ष = ५०. नत्र दोन्हींतून येते: ०.१८क्ष + ०.४६य = ४०. डीएपीतून ९ किलो नत्र आलेच, उरले ३१. ते युरियातून घ्यायचे, म्हणून य सुमारे ६७.४ किलो. डीएपीची गोणी ५० किलोची आणि युरियाची ४५ किलोची, म्हणजे एक गोणी डीएपी आणि दीड गोणी युरिया. डीएपीतले नत्र धरायचे विसरले तर युरिया जवळपास ८७ किलो निघतो, म्हणजे साधारण २० किलो जास्त. पीक आणि माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे ४० आणि २३ हे आकडे बदलतील, बाकी मांडणी हीच राहील.