जामीन कोण राहणार?

विटा-तासगाव किंवा कराड-ढेबेवाडी रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर होते, कागद बाहेर निघतात आणि कळते की दोन्हींचा विमा केव्हाच संपला आहे. अशा वेळी पुढे जे घडते त्याची सातारा-सांगलीकडे एक ठरलेली रीत आहे. माणसे गोळा होतात, कोण कुठल्या गावचा याची चौकशी होते, कुणाचा तरी पाहुणा कुणाच्या तरी ओळखीचा निघतो. गॅरेजवाल्याला फोन जातो, डेंटिंग-पेंटिंगचा आणि फुटलेल्या दिव्याचा आकडा ठरतो, काही पैसे लगेच दिले जातात आणि उरलेल्यांचा वायदा होतो. कुणी जाणता असेल तर साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घेतो. या मिटवामिटवीकडे शहरी चष्म्यातून पाहणाऱ्यांना त्यात फक्त पोलिसांची भीती आणि कायद्याचे अज्ञान दिसते. मला हे निदान अपुरे वाटते. या दोन जिल्ह्यांत सरकारच्या दारात न जाता तंटा मिटवण्याची परंपरा मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिचा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. निकाल कोणी दिला यापेक्षा त्या निकालाला जामीन कोण राहिले यावर तो टिकला किंवा मोडला. मोटारीचा विमा म्हणजे त्या जामिनाचेच नवे रूप, आणि दोन्ही गाड्यांकडे तो नसतो तेव्हा खरी उणीव जामिनाची असते.

मराठेशाहीतला न्याय ज्या कागदपत्रांतून कळतो, त्यांत निकालाइतकीच जागा हमीला आहे. तंटा गोतापुढे, म्हणजे भाऊबंद आणि वतनदारांच्या सभेपुढे, किंवा पंचायतीपुढे गेला की वादी आणि प्रतिवादी, त्या काळच्या भाषेत अग्रवादी आणि पश्चिमवादी, दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. पंच जे ठरवतील ते मान्य राहील, असा तो करार असे. त्यापाठोपाठ दोघांचे जामीन घेतले जात. हजर राहण्याचा जामीन वेगळा आणि निकालाप्रमाणे वागण्याचा जामीन वेगळा. मग साक्षी-पुरावे आणि शेवटी महजर, म्हणजे निकालपत्र. जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायचा. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्यांचे नाव आपण निःस्पृहतेसाठी घेतो, आणि ते योग्यच आहे. पण रोजचे कज्जे पुण्याच्या न्यायाधीशापर्यंत क्वचितच पोचत. ते गावातच, पाटील-कुलकर्ण्यांच्या आणि गोताच्या समोर मिटत. तिथे जामीन राहणारा माणूस त्याच गावात घर आणि शेत असलेला असे, त्यामुळे शब्द मोडला तर त्याची झळ त्याच्या स्वतःच्या दारापर्यंत येई. इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पंचायतींचे दोष स्पष्ट मांडले होते. कामाला विलंब लागतो, पंचांना मोबदला नाही, निकाल अमलात आणण्याची ताकद पंचायतीकडे नाही. तरीही ही पद्धत मोडू नये, असेच त्याचे मत होते. त्याने दाखवलेला शेवटचा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या दोनशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा समोर येतो.

मोटार आली तेव्हा हा प्रदेश एकसंध नव्हता. सातारा जिल्हा ब्रिटिशांचा होता. भोवती आणि मधूनमधून औंध, फलटण, जत, सांगली आणि मिरजेची दोन संस्थाने पसरली होती. एखादी सर्व्हिस मोटार दिवसभरात दोन-तीन राजवटींच्या हद्दी ओलांडून जाई. १९१४ च्या मोटार कायद्यात नोंदणी आणि परवाना होता, विमा नव्हता. अपघातात माणूस गेला तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांना दिवाणी दावा लावता येई. त्यासाठी आधी कोर्ट फी भरायची, वकील करायचा, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा, आणि एवढे करून मालक कफल्लक निघाला तर हुकूमनामा घरात ठेवायचा. मोटार एका संस्थानातली आणि जखमी दुसऱ्या हद्दीतला असला तर ही वाट आणखी लांब. अशा काळात रस्त्याकडेच्या शेतकऱ्याने, ज्याचा बैल मोटारीखाली गेला त्याने, चार पंच बसवून किंमत ठरवून घेणे हा अडाणीपणा नव्हता. त्याला उपलब्ध असलेल्या मार्गांपैकी तोच सर्वांत शहाणपणाचा होता.

१९३९ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दिल्लीत नवा मोटार वाहन कायदा झाला आणि तिसऱ्या व्यक्तीसाठी सक्तीचा विमा प्रथमच कायद्यात लिहिला गेला. त्याच वर्षी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना जाहीर केली आणि लहान कज्ज्यांचा निवाडा गावपंचायतींकडे सोपवला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्याच संस्थानातले आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४३ पासून, नाना पाटलांच्या भूमिगत प्रतिसरकारने याच टापूत न्यायदान मंडळे चालवली. जमिनीचे, कर्जाचे, घरगुती तंटे ब्रिटिश न्यायालयाला वगळून गावात सुटू लागले. या मंडळांचा कौतुकाने उल्लेख होतो तेव्हा त्यांच्यामागे तुफान सेना हे प्रतिसरकारचे दल उभे होते, हे बहुधा ओझरते सांगितले जाते. खरे तर एल्फिन्स्टनने दाखवलेली उणीव प्रतिसरकारने तिथेच भरून काढली होती. निकालामागे ताकद होती, म्हणून सावकाराला आणि गावगुंडालाही तो पाळावा लागला. ती ताकद कधी कठोर झाली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्याशिवाय न्यायदान मंडळे नुसत्या सदिच्छेवर दोन-तीन वर्षे चालली नसती.

१९३९ च्या कायद्यातला सक्तीच्या विम्याचा भाग मात्र १ जुलै १९४६ रोजी अमलात आला. तोवर प्रतिसरकारचा काळ संपत आला होता. मार्च १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. संस्थानी हद्दींचा अडसर गेला आणि एकच कायदा सगळीकडे लागू झाला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली, १९६९ च्या दुरुस्तीने मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही त्यांच्याकडे नेता येऊ लागला. या सगळ्या खटाटोपामागचा हेतू १९८७ साली स्कँडिया इन्शुरन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ शब्दांत मांडला: विमा सक्तीचा केला तो विमा कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून नव्हे, तर अपघातग्रस्ताला मिळालेला निवाडा कागदावरच राहू नये म्हणून. म्हणजे कायद्याने शोधला तो जामीनच. गाडीमालक गरीब असो, परगावचा असो, पळून जाणारा असो, निवाड्याच्या पैशांना दुसरे कुणीतरी बांधलेले असावे. याचा सर्वांत चांगला पुरावा एसटीच्या गाडीत मिळतो. राज्य परिवहन उपक्रमांना स्वतंत्र निधी ठेवण्याच्या अटीवर कायद्याने विम्यातून सूट दिली आहे. तरी लाल गाडीची धडक बसलेला माणूस आधाराविना राहत नाही, कारण महामंडळ स्वतःच जामीन आहे. भरपाई थकली तर न्यायालय बसच जप्त करते, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. विम्याचा कागद नसला तरी चालते, जामीन नसला तर चालत नाही.

मग दोन बिनविम्याच्या गाड्यांचे काय? त्यांची टक्कर होते तेव्हा दोघेही एका क्षणात १९४६ च्या मागे जातात. पुन्हा माणसासमोर माणूस, आणि पंच असलेच तर रस्त्यावर जमलेले. इंग्लंडमध्ये याच प्रश्नासाठी १९४६ साली विमा कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतंत्र संस्था उभी केली. बिनविम्याच्या वाहनाने जखमी झालेल्याला तिथून भरपाई मिळते. आपल्याकडे १९८२ च्या दुरुस्तीने धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनांसाठी तरतूद केली, तीही मृत्यूला ५,००० आणि गंभीर दुखापतीला १,००० रुपये. समोर उभा असलेला, नाव-गाव सांगणारा, पण विमा नसलेला मालक त्या तरतुदीत बसतच नव्हता. ही पोकळी गावाने आपल्या जुन्या रीतीने भरली. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. ते तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. ही योजना त्यांना सुचावी यात मला योगायोग वाटत नाही. ज्या मुलखात गोतसभा, औंधच्या पंचायती आणि न्यायदान मंडळे होऊन गेली, तिथल्या माणसाला गावात तंटा मिटवणे हे शासनाचे काम वाटणे स्वाभाविक होते. आज गावच्या हद्दीत गाड्या घासल्या की तंटामुक्त समितीचा अध्यक्ष आणि पोलीस पाटील यांना बोलावणे जाते, ते याच वारशातून.

यावर पहिला आक्षेप असा की मी पंचायतींचे गोडवे गातो आहे. गोतसभेत प्रत्येकाचा शब्द सारखा नव्हता. जातीची उतरंड होती, आणि पाटलाच्या विरुद्ध साक्ष देणारा विरळा. आजही स्कॉर्पिओवाला स्थानिक असला आणि दुचाकीवरचा परप्रांतीय मजूर असला, तर जमलेले पंच कुणाकडे झुकतील हे सांगायला नको. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मिटवामिटवीला मर्यादा घालायला हवी, आणि ती मर्यादा पत्रा आणि शरीर यांच्या मधून जाते. बंपर, दरवाजा, काच यांची किंमत गॅरेजवाला सांगू शकतो, पैसे तिथेच देता येतात आणि दोघे तिथेच मोकळे होतात. नुसत्या नुकसानीची अशी तडजोड कायद्याला मंजूर आहे. शरीराचे तसे नाही. डोक्याला लागलेला मार रात्री समजतो, मोडलेल्या पायाचा खरा खर्च सहा महिन्यांनी कळतो, आणि कमावता माणूस गेला तर भरपाईचा हिशेब त्याच्या उरलेल्या आयुष्याचा असतो. दुखापतीचा गुन्हा जखमीच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने मिटू शकतो. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा मिटत नाही. जखमीला दवाखान्यात नेणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे, विमा असो वा नसो. तिथे चार ओळींच्या कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेणे हा अन्याय आहे, मग ते कितीही गोडीत झालेले असो.

त्यात मुदतीचा काटा आहे. १९३९ च्या जागी आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या दाव्याला मुदत होती, १९९४ साली ती काढली, २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली, आणि तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दिवाळीला देतो, ऊसबिल आले की देतो, या वायद्यांवर जखमीचे घर थांबते आणि ते सहा महिने सरतात. जुन्या पंचायतीत वायदा मोडला तर जामिनाला धरता येई. रस्त्यावरच्या कागदावर जामिनाची सहीच नसते.

दुसरा आक्षेप सरळ आहे: विमा सक्तीचा आहे, तो प्रत्येकाने काढावा, मग हा प्रश्नच उरणार नाही. तत्त्वतः बरोबर. पण सक्तीला पाऊणशे वर्षे होऊन गेली, आणि देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा चालू नसल्याचे विमा क्षेत्राचीच आकडेवारी सांगत आली आहे. नव्या गाडीला कारसाठी तीन आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून बंधनकारक झाला. ती वर्षे संपली की नूतनीकरण राहून जाते. दंड पहिल्या वेळी २,००० रुपये, आणि १००० सीसीपर्यंतच्या कारचा जून २०२२ पासूनचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये. पकडले जाण्याची शक्यता कमी असताना हे दोन आकडे शेजारी ठेवले की माणूस काय करील हे कळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आदेश मला यापेक्षा नेमका वाटतो: अपघातातले बिनविम्याचे वाहन मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायचे नाही, हमी मिळाली नाही तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरायची. न्यायालयाने इथे गाडीलाच जामीन धरले. पण पंधरा वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरचा लिलाव किती आणणार? दोष कुणाचा हे न पाहता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख द्यावेत, असे कायदा मालकाला सांगतो. भंगाराच्या भावात तेवढे निघत नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या योजनेतून अपघातानंतरचे सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. त्याने जीव वाचेल, पुढचे संसाराचे गणित सुटणार नाही.

सातारा-सांगलीत हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो गळीत हंगामात. रेठरे बुद्रुकपासून साखराळ्यापर्यंत ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याविना, रिफ्लेक्टरविना चालतात, पंक्चर झाली की रस्त्यातच उभ्या राहतात, आणि त्यांवर आदळणारा बहुतेक वेळा दुचाकीवरचा असतो. ऊसवाहतुकीचा करार करताना कारखाने वाहनमालकाला उचल देतात आणि त्या रकमेसाठी जामीनदारांच्या सह्या घेतात. आपल्या पैशांसाठी जामीन लागतो हे इथल्या सहकाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याच टेबलावर, त्याच कागदांत, ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची चालू विमा पॉलिसी मागता येते. ती नसेल तर उचलीतून हप्ता कापून काढून देता येते, आणि तोवर वजनकाट्यावर ट्रॉली घेऊ नये. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मुंबईहून आदेश यावा लागत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो, आणि तो हंगाम सुरू होण्याआधी व्हायला हवा.