शिकवणीने घडवलेली गिटार

गिटार शिकायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो तो क्लास लावावा, पुस्तक आणावे, की ऐकून ऐकून आपले आपण बसवावे, हा. प्रश्न सोयीचा वाटतो. पैसे किती, वेळ किती, घराजवळ शिकवणारे कोण? तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, कुणी लवकर, कुणी उशिरा, असे त्यात गृहीत धरलेले असते. स्पेनमधला गिटारचा इतिहास चाळला तर हे गृहीतक टिकत नाही. तिथे शिकण्याची रीत जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा गिटारवर काय वाजते, ती कोण वाजवते आणि समाज तिला कुठल्या पायरीवर बसवतो, हेही बदलले. वाद्य आधी जन्मते आणि शिकवण्याच्या पद्धती मागाहून येतात, हा आपल्या डोक्यातला क्रम निदान गिटारच्या बाबतीत बराचसा उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे.

1536 साली व्हॅलेन्सियात लुईस मिलान या दरबारी वादकाचे ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक निघाले. त्यातले वाद्य व्हिउएला: आकार गिटारचा, तारांच्या सहा जोड्या, सूर ल्यूटसारखे लावलेले. मिलानने नवशिक्याला डोळ्यांपुढे ठेवून सोप्यापासून अवघडापर्यंत क्रम लावला आणि कुठला तुकडा सावकाश वाजवायचा, कुठला जलद, हेही लिहून दिले. त्याची लिपी म्हणजे सहा आडव्या रेघा. एक रेघ म्हणजे तारांची एक जोडी आणि रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कितव्या पडद्यावर ठेवायचे ते. आज मोबाइलवर जिला मुले ‘टॅब’ म्हणतात ती हीच. गंमत अशी की मिलानने सर्वांत उंच सुराची तार सर्वांत वरच्या रेघेवर मांडली, तर त्याच्यानंतरच्या स्पॅनिश पुस्तकांनी ती सर्वांत खालच्या रेघेवर. एका पुस्तकावर हात बसलेल्या माणसाला दुसरे उघडल्यावर सगळे उलटे वाचावे लागत असणार. 1536 ते 1576 या चाळीस वर्षांत व्हिउएलाची अशी सात पुस्तके छापली गेली आणि चर्चमधल्या बहुस्वरी गायनाच्या गुंतागुंतीच्या रचना त्यांत बोटांसाठी उतरवलेल्या होत्या. हे वाजवायला फुरसत हवी आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपतही. साहजिकच व्हिउएला दरबारात आणि सुशिक्षितांच्या घरी राहिली.

मग आला एक डॉक्टर. हुआन कार्लोस आमात हा कातालोनियातल्या मोनिस्त्रोल गावचा वैद्य. त्याने कातालान सुभाषितांचा संग्रहही केला आहे, यावरून चार शब्दांत काम भागवण्याची त्याची हौस दिसते. पाच जोड्यांच्या गिटारवरचे त्याचे छोटेखानी पुस्तक 1596 सालचे मानले जाते. त्यात त्याने एकेका सुराचा विचारच सोडून दिला. डाव्या हाताची बोटे एकदम कशी बसवायची, त्या बैठकीला एक आकडा. म्हणजे आजच्या भाषेत कॉर्ड. बारा मेजर, बारा मायनर, सगळ्यांना एक ते बारा क्रमांक; आकड्यापुढे एक अक्षर, त्यावरून मेजर की मायनर ते कळायचे. उजव्या हाताने सगळ्या तारा छेडायच्या. स्वरलिपी येत नसलेला, शिक्षक परवडत नसलेला माणूस या आकड्यांच्या जोरावर कुठल्याही गाण्याला साथ करू शकत होता. हे पुस्तक अठराव्या शतकातही पुन्हा पुन्हा छापले जात होते. एका वैद्याच्या फावल्या वेळातल्या उद्योगाला एवढे आयुष्य लाभावे! 1957 साली इंग्लंडमध्ये बर्ट वीडनने एका दिवसात गिटार वाजवण्याचे आश्वासन देणारे पुस्तक काढले आणि रॉकच्या एका पिढीने त्यावर बोटे घासली. मोजक्या कॉर्ड आणि लगेच गाणे, ही त्यामागची युक्ती आमातचीच.

या युक्तीचा परिणाम काय झाला, त्याची साक्ष 1611 सालच्या एका शब्दकोशात सापडते. कोशकार सेबास्तिआन दे कोवार्रुबियास व्हिउएलाच्या नोंदीत एकदम हळहळतो. गिटार आल्यापासून व्हिउएला शिकणारे उरले नाहीत, गिटार म्हणजे नुसती गुरांच्या गळ्यातली घंटा, आणि वाजवायला इतकी सोपी की तबेल्यातला पोऱ्याही गिटारवादक झाला आहे, अशा आशयाचे तो लिहितो. कोशात एवढा राग क्वचितच आढळतो. पण रागावून का होईना, त्याने कारण नेमके सांगितले आहे. शिकणे सोपे झाले, म्हणून वाजवणारे बदलले, आणि वाजवणारे बदलले म्हणून वाद्याची पत बदलली.

इथे कुणी म्हणेल, यात पुस्तकाचे कर्तृत्व कसले? लोकांना नाचगाण्याला झणझणीत साथ हवी होती, ती गिटारवर आधीपासून होतच होती, आमातने फक्त लिहून काढली. यात तथ्य आहे. तारा एकदम छेडण्याची पद्धत आमातने शोधली नाही. पण जी गोष्ट शेजाऱ्याचा हात बघून उचलावी लागे, ती छापील झाल्यावर जिथे शेजारीच नाही तिथेही पोहोचली. इटलीतही तेच घडले. 1606 मध्ये जिरोलामो मॉन्तेसार्दोने फ्लॉरेन्समध्ये कॉर्डना आकड्यांऐवजी अक्षरे देणारे पुस्तक छापले आणि पुढच्या काही दशकांत गाण्याच्या शब्दांवर नुसती अक्षरे टाकलेली पुस्तके इटालियन छापखान्यांतून धडाधड बाहेर पडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाच जोड्यांची गिटारच साथीपुरती होती, तिची रचनाच तशी, मग शिकवणीला दोष वा श्रेय का? याचे उत्तर गास्पार सान्सने 1674 मध्ये सारागोसात छापलेल्या पुस्तकात देऊन ठेवले आहे. त्याच्यापुढची गिटारही पाच जोड्यांचीच होती. इटलीत शिकून आलेल्या सान्सने त्या पुस्तकात कॉर्डची अक्षरेही दिली आणि एकेक तार बोटाने टिपून वाजवायच्या रचनांसाठी रेघा-आकड्यांची लिपीही. एकाच मुखपृष्ठाआड दोन्ही रीती आल्या आणि त्याच लाकडातून, त्याच तारांतून नाजूक नृत्यरचना निघू लागल्या. त्यांतल्या काही इतक्या टिकल्या की 1954 मध्ये होआकिन रोद्रिगोने त्यांच्यावरून गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियासाठी ऑर्केस्ट्रासह वाजवायची ‘फान्तासिया’ रचली. म्हणजे वाद्य अडवत नव्हते. अडवत होते ते शिकणाऱ्यापुढे काय ठेवले जाते, ते.

एकोणिसाव्या शतकात गिटारला सहा सुट्या तारा आल्या आणि आकड्यांची जागा पाच रेघांच्या स्वरलिपीने घेतली. या काळातले दोन गिटारवादक शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. फेर्नांदो सोर मोन्सेरातच्या मठात वाढला. आमातचे मोनिस्त्रोल नेमके त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. पण मठातल्या शिक्षणात गायन आणि स्वररचना होती. 1830 मध्ये पॅरिसहून निघालेल्या त्याच्या ‘मेथड’मध्ये बोटांचे व्यायाम कमी आणि युक्तिवाद जास्त. हात असाच का ठेवायचा, तार नेमकी कुठे छेडली की सूर कसा बदलतो, हे तो आकृत्या काढून पटवून देतो. नखाने तार छेडणे त्याला नापसंत. त्याला बोटाच्या मांसल टोकाचा मऊ सूर हवा. त्याचा मित्र माद्रिदचा दिओनिसिओ आग्वादो नखे वापरायचा, आणि 1825 च्या त्याच्या ‘एस्कुएला’त भर होता पद्धतशीर सरावावर. पॅरिसमध्ये हे दोघे एकाच छताखाली राहिले आणि सोरने दोघांनी मिळून वाजवायला ‘दोन मित्र’ नावाची रचना केली. मतभेद मिटले नाहीत. सोरच्या शिष्याची गिटार एका आवाजाची, आग्वादोच्या शिष्याची दुसऱ्या. आज मुंबई-पुण्यात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुले सोरचे धडे वाजवतात, ते या पुस्तकी परंपरेचे टोक.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात आंदालुसियाच्या काफे कान्तान्तेंमध्ये, म्हणजे गाण्यानाचाच्या कॅफेंमध्ये, तिसरीच शाळा भरत होती, आणि तिच्यात कागद नव्हता. फ्लामेंकोचा गिटारवादक नर्तकीच्या पायांकडे आणि गायकाच्या तोंडाकडे बघत शिकायचा. आधी टाळ्या. सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते, जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. पहिले दोन जोर तीन-तीन मात्रांनी, पुढचे दोन-दोन मात्रांनी. हे चक्र टाळ्यांनी अंगात भिनल्याशिवाय तारेला हात लावण्यात अर्थ नसतो. मग वडीलधाऱ्यांकडून एकेक फाल्सेता, म्हणजे गाण्याच्या मधल्या जागेत वाजवायचा तुकडा, उचलायचा. राफाएल मारिनने 1902 मध्ये फ्लामेंको गिटारचे पुस्तक छापले खरे, पण ही वाट पुस्तकावर कधी गेली नाही. म्हणून तिथली गिटार आजही लयीचे वाद्य आहे. सूर मागाहून.

शेवटचा आक्षेप सेगोव्हियाच्या नावाने घेतला जातो. तो स्वतःला स्वतःचाच गुरू आणि स्वतःचाच शिष्य म्हणवत असे. मग प्रतिभावंताला रीत कसली, तो कुठूनही पोहोचतो. पण सेगोव्हिया पोहोचला तो नेमका कागदाच्या वाटेने. त्याने स्वरलिपी आत्मसात केली आणि फ्रान्सिस्को तार्रेगाने पियानो-व्हायोलिनच्या साहित्यातून गिटारवर उतरवलेल्या रचनांची परंपरा पुढे नेली. म्हणून त्याची गिटार मैफलीच्या सभागृहात बसली आणि संगीतशाळांच्या अभ्यासक्रमात गेली. स्वशिक्षित म्हणजे रीत नसलेला, असा अर्थ होत नाही. त्याने एक रीत निवडलेली असते, फक्त फी कुणाला दिलेली नसते. याच्या अगदी समोर उभा राहतो तो आल्हेसिरासचा फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया. वडील आणि थोरला भाऊ रामोन यांनी घरातच कान आणि हात घडवले, स्वरलिपी त्याच्या शिक्षणात नव्हती. 1991 मध्ये त्याने रोद्रिगोचा ‘आरान्हुएस’ हा गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो वाजवायला घेतला तेव्हा वृद्ध रचनाकार समोर बसला होता. पाकोने वाजवलेले सूर छापील आहेत तेच आहेत. पण सेगोव्हियाच्या परंपरेतले वादक जिथे आवाजाचा गोलावा सांभाळतात तिथे पाकोचा हात मात्रेला पकडतो, आणि संथ मधल्या भागातही लय ढळत नाही. शास्त्रीय गिटारवाल्यांपैकी काहींना ते खटकले, आणि त्यांना खटकावे हे स्वाभाविकच होते, कारण ते दुसऱ्या गिटारवर शिकले होते.