इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने मुंबईत चालवलेली प्रचारपट-निर्मिती संस्था (१९४३–४६). विस्मरणात गेलेले तिचे अनेक अनुबोधपट आज पाहता येतात, ते मुख्यतः लंडनच्या संग्रहांमुळे.

सुरुवात १९४० च्या ‘फिल्म अॅडव्हायझरी बोर्डा’पासून. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया हे रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी, असल्याने फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला त्यांचा मनापासून पाठिंबा होता. ते बोर्डाचे अध्यक्ष झाले. मुख्य निर्माते अलेक्झांडर शॉ लवकरच इंग्लंडला परतले आणि ते पद व्ही. शांताराम यांच्याकडे आले. ‘छोडो भारत’ चळवळीच्या सुमारास शांताराम बाहेर पडले. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद आदी काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले. ते तिथे असतानाच एझ्रा मीर यांच्या हाताखाली ही नवी संस्था उभी राहिली, जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हा साप्ताहिक वार्तापट आला.

भारत संरक्षण नियम ४४-अ नुसार प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस मिनिटे, सरकारमान्य फीत दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे होते. वर तिचे भाडेही त्यांनीच भरायचे! निवेदन इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगूत असे. मुंबईत बसून मराठीची आठवण कोणाला झाली नाही. सैन्यभरती आणि युद्धसामग्री हे ठरलेले विषय; नगरच्या किल्ल्यातल्या कैद्यांना पडद्यावर थारा नव्हता. मात्र सगळाच माल प्रचारकी नव्हता. भास्कर राव यांचा नारळाच्या झाडावरचा ‘ट्री ऑफ वेल्थ’ अनुबोधपट म्हणून आजही उभा राहतो.

सक्तीच्या या युद्धप्रचाराचा राग लोकप्रतिनिधींनी धरून ठेवला होता. १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने अनुदान कापले आणि संस्था बंद पडली. परिणामी ऑगस्ट १९४७ मधले सत्तांतर टिपायला सरकारचे स्वतःचे चित्रपथकच नव्हते. ते काम खासगी आणि परदेशी कॅमेरामननी केले. ‘फिल्म्स डिव्हिजन’ १९४८ मध्ये आली.

जतनाची खरी अडचण फितीतच असते. त्या काळची नायट्रेट फीत आधी फिकटते, मग चिकट होते, फेसाळते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पेटली तर पाण्याखालीही जळते, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले; त्याच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जानेवारी २००३ च्या आगीत गेला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये मात्र ‘इन्फर्मेशन फिल्म्स’च्या फिती टिकल्या. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ‘कलोनियल फिल्म’ प्रकल्पाने ब्रिटिश संग्रहांतील सहा हजारांहून अधिक वसाहतकालीन चित्रपटांची सूची तयार केली. मुंबईतले हे युद्धपटही तीत आहेत. काहींवर विस्तृत टिपणे असून निवडक चित्रपट इंटरनेटवर खुले आहेत.