लव

"ताई, अपरलिप्स पण करू ना? लव दिसतेय." दोऱ्याचं टोक दातांत धरूनच पार्लरवाली विचारते आणि आरशासमोरच्या प्रस्तुत लेखिकेचा हात आपसूक ओठावर जातो.

'लव' आली संस्कृत 'लोमन्'वरून. 'रोमन्' हे त्याचंच भावंड, 'रोमांच' त्याचाच. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या नाभीकडे उतरणाऱ्या लोमराजीचं कौतुकच करतो. भेंडीवर, मखमलीवरही लव असते. तिथं ती कुणाला खुपत नाही.

मुलाला 'मिसरूड फुटतं', घरादाराला त्याचं अप्रूप. मुलीची लव मात्र नुसती 'दिसते'.

हल्ली हा शब्दही मागे पडतोय. पार्लरच्या दरपत्रकावर आयब्रो, अपरलिप्स, फुल आर्म्स अशी अवयवांचीच यादी असते. केसांचा उल्लेख डोक्यापुरता.