परवचा

दिवेलागणीची वेळ झाली, तुळशीपुढे पणती तेवू लागली आणि हातपाय धुऊन मुले देवघरासमोर मांडी घालून बसली, की महाराष्ट्रातील अनेक पांढरपेशा घरांतून जो एकसुरी घोष उठे, त्यास परवचा म्हणत. शुभंकरोती, रामदासांचे मनाचे श्लोक, तिथी-नक्षत्रांची नावे आणि त्यांच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, इतकेच नव्हे तर साडेतिनाची औटकीदेखील, अशी ही शिदोरी असे. ईश्वरभक्ती आणि हिशेब यांना एकाच पंक्तीस बसविण्यात वडीलधाऱ्यांना यत्किंचितही विसंगती वाटत नसे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण ज्या मुलखात चालत होता, तेथे कुलकर्ण्याच्या दप्तरापासून वाण्याच्या वहीपर्यंत अपूर्णांकांवाचून पान हालत नव्हते. अर्थबोधापूर्वी पाठांतर, या क्रमावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्याय्य होती असे मला म्हणवत नाही. शिवाय औटकीचा आग्रह बहुधा मुलग्यांपुरताच, मुलींची बोळवण श्लोकांवर! 1957 साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅमची वजने आली, आणि औटकी मुकाट्याने परवच्यातून गळाली. शुभंकरोती तेवढी मागे राहिली.